ऑटिझम असलेलं मूल पाचच पदार्थ खातं तेव्हा: बडोद्याच्या एका आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. तो पाचच गोष्टी खातो: एका ठरावीक कंपनीचा साधा खाखरा, बारीक पिवळी शेव, केळ्याचे वेफर, कोरडा पांढरा भात आणि बाटलीतून दूध, दिवसाला जवळजवळ लिटरभर. वरण, भाजी, फळ समोर आलं की ओकारी काढतो, ताट ढकलतो. शौचाला तीन-चार दिवसांनी होते, तीही खडा. हल्ली भिंतीचे पोपडे तोंडात घालतो. वजन वयाप्रमाणे आहे, म्हणून 'काळजी नको' असं ऐकायला मिळतं. पालकांच्या ग्रुपवर 'गहू-दूध बंद करा' असा सल्ला मिळाला, सासूबाई म्हणतात दोन दिवस उपाशी ठेवा, आणि कुणी उंटिणीचं दूध सुचवलं आहे.

ताई, सगळ्यात आधी तातडीचं सांगते. गहू आणि दूध आज बंद करू नका आणि त्याला उपाशीही ठेवू नका. तो जे पाच पदार्थ खातो, त्यांवरच तो उभा आहे. आपल्याला वाढवायचं आहे ते त्या पाचांना धरून. त्यातला एक जरी हातचा गेला, तर या मुलांच्या बाबतीत तो परत येईलच याची खात्री नसते. माझं काम लहान मुलांच्या आहाराचं, आणि बरीच वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (मुलांच्या रोजच्या क्रियांवर आणि संवेदनांवर काम करणाऱ्यांच्या) शेजारी बसून केलेलं. त्यामुळे पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरेल: जे खातोय ते जपा, का खात नाही ते शोधा, मग बोटभर पुढे सरका.

यात तुमचा दोष नाही, हेही ठामपणे सांगते. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा पहिला मोठा निबंध लिहिला. त्यातल्या ११ मुलांपैकी कितीतरी जणांच्या खाण्याच्या तक्रारी अगदी तान्हेपणापासूनच्या होत्या. २०१३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांपेक्षा सुमारे पाच पट आढळल्या. 'लाडावून ठेवलाय', 'आईनेच सवयी लावल्या' हे जे पंक्तीत ऐकावं लागतं, त्याला काही आधार नाही.

आता त्याच्या ताटाचा हिशोब मांडू. साडेपाच वर्षांच्या मुलाला, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे, दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम, १६ ग्रॅम प्रथिनं आणि ११ मिलिग्रॅम लोह लागतं. लिटरभर दुधातून त्याला कॅल्शियम जवळजवळ १२०० मिलिग्रॅम आणि प्रथिनं ३० ग्रॅमच्या वर मिळतात, म्हणजे दोन्ही गरजेच्या दुप्पट. वजन चांगलं दिसतं ते यामुळेच. पण त्याच दुधात लोह नावालाही नाही, क जीवनसत्त्व नाही, तंतू नाहीत. इतकं दूध पोटात गेल्यावर भूक मरते आणि खाखऱ्यातून, शेवेतून जे थोडं लोह मिळतं तेही अंगी नीट लागत नाही, कारण कॅल्शियम त्याच्या आड येतं. वजनाचा काटा हे काहीच दाखवत नाही. वजन बरोबर असलेल्या मुलाचं रक्त कमी असू शकतं, हाडं-हिरड्या कमकुवत असू शकतात.

भिंतीचे पोपडे खाणं ही मला यातली सर्वांत महत्त्वाची खूण वाटते. लोह कमी पडलं की मुलं माती, चुना, पापुद्रे तोंडात घालतात. शिवाय दांडिया बाजार, रावपुरा या भागांत जुन्या घरांच्या भिंतींवर रंगाचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांहून जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. शिसं पोटात गेलं तर रक्त आणखी कमी होतं, बद्धकोष्ठता वाढते, आणि त्याचा मेंदूवरही परिणाम होतो. म्हणून या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि पोपड्यांबद्दल न विसरता सांगा. हिमोग्लोबिनसकट पूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, रक्तातलं शिसं, आणि टीटीजी ही सिलिअॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) तपासणी, एवढं एकाच वेळी रक्त काढून करून घ्या म्हणजे सुई एकदाच टोचेल. ती भिंत तोपर्यंत कपाट सरकवून किंवा पत्रा लावून झाकून टाका. घासून काढू नका, धूळ उडते.

सिलिअॅकची तपासणी मुद्दाम सांगितली. गहू चालू असतानाच ती खरी येते. आधी गहू बंद केला आणि चार-सहा महिन्यांनी कुणी तपासणी सुचवली, तर अहवाल फसवा येऊ शकतो. ग्रुपवर 'गहू-दूध बंद करा' सांगणारे हे सहसा सांगत नाहीत.

त्या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गव्हातल्या ग्लुटेनचे आणि दुधातल्या केसीनचे अर्धवट पचलेले तुकडे मेंदूवर अफूसारखा परिणाम करत असावेत, अशी एक कल्पना १९७९ पासून चर्चेत आहे. त्यावर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांतून मात्र आधार मिळालेला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १४ मुलांना आधी हा आहार पाळायला लावला, मग पालकांना किंवा तपासणाऱ्यांना कळू न देता खाऊतून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असं दिलं. वागण्यात, झोपेत, शौचात फरक दिसला नाही. दुसरीकडे, २००८ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ४ ते ८ वर्षांच्या ७५ मुलग्यांच्या हातांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि दूध बंद असलेल्या मुलांमध्ये ती आणखी कमी होती. ज्याला खरंच सिलिअॅक आहे, दुधाची अॅलर्जी आहे, त्याचं पथ्य वेगळं आणि सक्तीचं. पण तुमच्या लेकाकडून खाखरा आणि दूध काढून घेतलं, तर मागे उरतात शेव, वेफर आणि भात. हे मी कुठल्याही मुलासाठी मान्य करणार नाही.

उंटिणीचं दूध कच्छमुळे आपल्याकडे सहज मिळतं आणि त्याची जाहिरातही जोरात होते. त्याने ऑटिझम सुधारतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. त्यातही केसीन असतंच, आणि कच्चं प्यायल्यास ब्रुसेलासारख्या जंतुसंसर्गाची भीती. ऑटिझमसाठी म्हणून सुचवलं जाणारं मोठ्या मात्रेतलं बी-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमही मनाने देऊ नका. बी-६ जास्त दिवस जास्त दिलं तर नसांना इजा होते.

सासूबाईंचा सल्ला मायेपोटी आहे, आणि बहुतेक मुलांना तो लागूही पडतो. भूक कडकडून लागली की मूल खातं, हा अनुभव त्यांनी घरच्या मुलांत घेतलेला असणार. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भुकेची जाणीवच पुसट होते. पोटात कालवाकालव होतेय ती भुकेची, की शौचाची, की भीतीची, हे त्यांना ओळखता येत नाही. अशी मुलं भुकेली राहतात, चिडतात, गळून जातात, पण नकोसा पदार्थ तोंडात घेत नाहीत. साखर उतरते, अंगातलं पाणी कमी होतं. सासूबाईंना हे शांतपणे समजावा, आणि त्यांच्याकडे एक खरं काम सोपवा, पुढे सांगते.

मग तो वरण-भात का नाकारतो? त्याच्या पाच पदार्थांकडे नीट पाहा. खाखरा रोज तसाच. तोच आवाज, तीच जाडी, तोच कोरडेपणा. शेव, वेफर तसेच. भातही कोरडा, शीत सुटं. दूध एकसारखं गुळगुळीत. यात अनपेक्षित असं काहीच नाही. आता मऊ वरण-भात घ्या, जो आपण बाळाला सर्वांत सोपा म्हणून पहिला भरवतो. त्यात मऊ आहे, मध्येच डाळीचा गोळा आहे, जिरं आहे, तूप कुठे आहे कुठे नाही, आणि बोटांना चिकटतं. ज्याच्या जिभेला आणि बोटांना स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो, त्याला हे सर्वांत कठीण अन्न. त्यात आपल्या स्वयंपाकघरात हिंग-मोहरीच्या फोडणीचा ठसका आणि कुकरची शिट्टी. काही मुलं जेवायला बसण्याआधीच तिथे हरलेली असतात.

म्हणून पहिले बदल ताटात काही न वाढवता करायचे. फोडणी त्याच्या जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी आटपा, किंवा त्याला वाऱ्याशी, दुसऱ्या खोलीत बसवा. कप्प्यांचं ताट आणा, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्याला टेकणार नाही. हाताने खायचा आग्रह नको, चमचा द्या. पाय लोंबकळत ठेवू नका. पायांखाली पाट ठेवा, पाठीला उशी द्या. अंग स्थिर असलं की जबड्यालाही काम करणं सोपं जातं. वीस मिनिटांनी जेवण संपलं असं समजायचं, त्याने काही न खाल्लं तरी. मोबाईल लावून भरवत असाल तर तो एकदम काढू नका. पण हे लक्षात ठेवा की पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाची नव्या पदार्थाशी ओळखच होत नाही. दिवसातला एक छोटा खाऊ, समजा चारचा खाखरा, मोबाईलशिवाय करा. बाकीचं नंतर.

बद्धकोष्ठता आधी सोडवल्याशिवाय खाण्यात प्रगती होत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे. पोट तुंबलेलं असताना कुणालाच जेवावंसं वाटत नाही. बोलू न शकणारं मूल टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभं राहतं, सोफ्याच्या हातावर पालथं पडतं, जेवताना मध्येच उठून डोकं आपटतं. हे आपण 'ऑटिझमचं वागणं' म्हणून सोडून देतो आणि ते पोटाचं दुखणं असतं. चड्डीला सारखं पातळ लागत असेल तर ते जुलाब समजू नका. आत अडकलेल्या खड्याच्या बाजूने पाझरणारं असू शकतं. डॉक्टर मल मऊ करणारं औषध देतील, ते महिनोन्‌महिने लागू शकतं आणि त्यांच्या देखरेखीखाली घ्यायला हरकत नाही. मधेच 'सवय लागेल' म्हणून सोडू नका. जेवणानंतर दहा मिनिटांनी, पायांखाली पाट देऊन, पाचेक मिनिटं शौचाला बसवा. दातही दाखवून घ्या. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्यांचे दात किडतात आणि दाढ दुखत असली की कडक-गार-गरम सगळंच नकोसं होतं.

दूध हळूहळू ४००–५०० मिलिलिटरवर आणायचं आहे. बाटली तीच, झाकण तेच, चव तीच. फक्त दर चार-पाच दिवसांनी एका वेळच्या दुधातून ३० मिलिलिटर कमी. पाणी मिसळून पातळ करू नका, त्याला कळेल. जेवणाआधी दीड तास दूध नको. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी जाईल, त्याची घाई करू नका.

आता खाखरा. हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा आधार आहे, आणि बडोद्यात राहण्याचा फायदा असा की खाखऱ्याचे जितके प्रकार इथे मिळतात तितके क्वचितच कुठे मिळत असतील. सुरुवात अशी करा. त्याच्या ताटात त्याचा नेहमीचा खाखरा. शेजारी, ताटाबाहेर, छोट्या वाटीत त्याच कंपनीच्या जिरा खाखऱ्याचा नखाएवढा तुकडा. 'खा' म्हणायचं नाही, 'बघ ना' म्हणायचं नाही. तो नुसता तिथे असू द्या. काही दिवसांनी तो वाटी दूर ढकलणं बंद करेल. मग तुम्ही तुकडा मोडून 'कट्' असा आवाज करा; त्याला आवाज आवडत असेल तर तोही मोडेल. मोडताना बोटांना जिरं लागेल, बोटं हुंगेल. मग ओठाला टेकवेल, चाटेल, चावून थुंकेल. थुंकायला वेगळी वाटी ठेवा आणि थुंकला तर रागावू नका, कारण थुंकायची मोकळीक असली तरच मूल तोंडात घ्यायचं धाडस करतं. इथवर यायला कधी दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. एरवीच्या मुलालाही नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. याला त्याहून जास्त.

जिरा पचला की मेथी, मग नाचणीचा खाखरा. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे दूध कमी होताना ते इथून भरून निघतं. पुढचा टप्पा घरच्या खाखऱ्याचा, आणि हे काम सासूबाईंचं: पातळ पोळी तव्यावर मंद आचेवर कापडाने दाबत कडक होईपर्यंत शेकायची. घरचा खाखरा त्याने स्वीकारला की दर आठवड्याला तो किंचित कमी कडक करत न्या, शेवटी पोळी. कणकेत डाळीचं पीठ, किसलेला दुधी हे सगळं त्यानंतर. आजीच्या हातचं नातवाने खाल्लं की त्यांचाही उपाशी ठेवण्याचा आग्रह आपोआप मावळेल.

शेवेची वाट चकलीकडे जाते. रंग जवळचा, कुरकुरीतपणा जवळचा. भाजणीच्या चकलीत तांदळाबरोबर हरभरा, उडीद, मूग, धने असं बरंच काही येतं. बारीक साच्याने, तिखट न घालता, मीठ बेताचं ठेवून पाडा. पुढे त्याच भाजणीचं पातळ, कडक थालीपीठ. वेफरपासून कच्च्या केळ्याचे काप, मग रताळ्याचे काप. एका वेळी एकच वाट धरा.

त्याच्या भातात किंवा दुधात त्याला न सांगता काहीही मिसळू नका, औषधाची पूड तर मुळीच नाही. या मुलांची जीभ इतकी बारकाईने पारखते की एकदा फसवणूक कळली की दूध कायमचं सुटतं. लोहाचं औषध डॉक्टरांनी दिलं तर ते वेगळं, दुधापासून निदान दोन तास लांब, औषध म्हणूनच द्या. दुसरं, पाकीट. कंपनीने पाकिटाचा रंग बदलला म्हणून खाखरा सोडणारी मुलं आहेत. आत्तापासूनच खाखरे पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात ठेवायची सवय लावा.

क जीवनसत्त्वाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. फळ, भाजी, लिंबू काहीच न खाणाऱ्या मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यांतली बरीच मुलं ऑटिझम असलेलीच आहेत. मूल लंगडायला लागतं, चालायचं नाकारतं, हाडांच्या नाही तर रक्ताच्या आजाराच्या तपासण्या सुरू होतात, आणि कारण निघतं आहारात. हिरड्या सुजणं, रक्त येणं ही खूण. तुमच्या लेकाच्या पाचही पदार्थांत क जवळजवळ नाही. त्यामुळे पदार्थ वाढेपर्यंत थेंबांतून द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. पुढे लिंबू सरबत हा बरा मार्ग. गाळून, बी-चोथा न येऊ देता, त्याच्या आवडत्या ग्लासातून, सुरुवातीला पाण्यात दोनच थेंब.

तो वागण्यासाठी रिस्पेरिडोनसारखं औषध घेत असेल किंवा पुढे सुरू झालं, तर भूक आणि वजन झपाट्याने वाढतं. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटने भूक मरते. तेव्हा महिन्याला वजन-उंची लिहून ठेवा.

चालायला नकार, हिरड्यांतून रक्त, संध्याकाळी अंधुक दिसल्यासारखं चाचपडणं, पिताना ठसका लागणं, पाणीही बंद करणं, पाचातला एखादा पदार्थ सोडून देणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

सणावाराला, गणपतीत किंवा लग्नाच्या पंक्तीत त्याची परीक्षा घेऊ नका. त्याचा डबा बरोबर न्या आणि तो आनंदाने उघडून द्या. शाळेतही बाईंना लिहून द्या की डब्यात खाखराच असेल आणि त्यावर कुणी टोकू नये, 'भाजी खाल्ल्याशिवाय खेळायला नाही' असं तर नाहीच नाही.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की तीन वर्षांची धाकटी त्याचं पाहून भाजी टाकू लागली आहे, तिचं काय करू. तिला तिचं नेहमीचं ताट वाढा, सगळ्यांबरोबर. त्याच्यासाठी खाखरा वेगळा येतो याचं कारण तिला सोप्या शब्दांत सांगा: दादाच्या तोंडाला हे अजून जड जातं, तो शिकतोय. 'दादा खात नाही, तू बघ कशी शहाणी' असं मात्र दोघांसमोर म्हणू नका. आणि त्या चारच्या खाखऱ्याला तिलाही शेजारी बसवा, तिच्या वाटीत जिऱ्याचा. ती 'कट्' करून मोडेल, तो पाहील.